घोडकाठचं चित्र, माझी सही

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी नदीकडे फिरायला गेले आणि चित्राचा विषय सापडला. हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या लेखात आलं असतं तर मी कापलं असतं! विषय कधी सापडत नसतात. मुदत अंगावर आली की समोर जे असेल त्याला विषय म्हणायचं. दैनिकाच्या रविवार पुरवणीत जन्म गेला माझा, एवढं तरी कळतं.

मुदत नऊ नोव्हेंबरची. पुण्यात आमच्या चित्रकलेच्या वर्गाचं प्रदर्शन आहे — निवृत्त माणसांचा वर्ग, शाळेचा हॉल, फीत कापायला माजी नगरसेवक. प्रत्येकाने ‘सुट्टीतली भटकंती’ या विषयावर एक निसर्गचित्र द्यायचं. सर म्हणाले, ‘अनुपमाताई, दिवाळीला माहेरी चाललात ना? निसर्ग आपणहून बोलेल तुमच्याशी.’

बोलला नाही. नदीवरची मोटार तेवढी बोलत होती.

माळावरून दिसतं ते असं — खाली उसाचं रान, मधून बांध, बांधावर एक कडुलिंब, पुढे भाजीचे वाफे, मग घोड नदी, पलीकडे श्रीगोंदा तालुका. संपलं. फुकट वाटलेल्या कॅलेंडरांवर हेच असतं. जवळच इनामगावच्या पांढरीवर, उत्खननात निघालेल्या जुन्या वस्तीत, तीन हजार वर्षांपूर्वी कुणी मडक्यांवर हरणं काढली, त्यांनाही याहून बरं सुचलं होतं. पण त्यांना प्रदर्शन नव्हतं. मला आहे. हेच काढणार.

काल भाऊबीज झाली. पोपटने — धाकटा भाऊ. गावाला तो पोपटराव — ओवाळणीत पैठणी घातली. साठी उलटलेल्या बाईला मोरपंखी पैठणी! ‘ताई, तू मागशील ते देतो.’ दरवर्षी म्हणतो. मागत कुणी नाही म्हणून म्हणता येतं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

घडीचं स्टूल घेऊन माळावर बसले. सर शिकवतात तसं — हात लांब, एक डोळा मिटलेला, पेन्सिल आडवी धरून अंगठ्याने मोजायचं. बांध झाडाच्या किती पट, नदी बांधाच्या किती. मग पेन्सिल उभी. मग खूण. बघणाऱ्याला वेड्याचा खेळ वाटावा अशी क्रिया आहे.

बघणारे होतेच. रांजणगावच्या कारखान्यांतली पाळी सुटून आलेली पोरं गाड्या थांबवून रस्त्यावरून बघत होती. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई भारा न उतरवता उभी राहिली. कलेबद्दल एवढी आस्था पुण्यात कधी दिसली नाही! गर्दी जमवायची असेल तर आमच्या सरांनी प्रदर्शन उसात भरवावं.

कच्चं रेखाटन झालं. बांध मधोमध येत होता, चित्राचे दोन तुकडे पडत होते. तो डावीकडे सरकवला. वाफे काढलेच नाहीत. मध्ये येत होते. चार हिरवे ठिपके, वर फाटक्या साडीचं बुजगावणं, शेजारी निळा पाइप. अशा गोष्टी गाळायच्या असतात.

२६ ऑक्टोबर, रविवार

अवेळी पाऊस. कागद भिजला. आतापर्यंतचं सगळ्यात बरं आकाश त्यानेच काढलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

नवा कागद. आणि माझी बडदास्त!

सकाळी पुतण्या आला — सत्यजीत, पोपटचा एकुलता एक. पांढरी गाडी माळापर्यंत आणली. प्लास्टिकची खुर्ची, खताच्या कंपनीची मोठी छत्री, चहाचा थर्मास. ‘आत्या, उन्हात नका बसू. काय लागलं तर फक्त मिसकॉल.’ हा मुलगा दोन वर्षांपूर्वी मी आलेली असताना तीन दिवस मोबाइलमधून मान वर काढत नव्हता. आता छत्रीचा दांडा मुरमात रोवायला स्वतः खाली बसला. पॅन्टला माती लागली तर झटकली नाही.

मग पोपट. ‘ताई, हितनंच का काढतीस? देवळापशी जा की. तिथं लय भारी दिसतं.’

‘इथूनच बरं दिसतं.’

‘हितनं समदं रान दिसतं.’

‘म्हणूनच.’

तो थोडा वेळ माझ्या पेन्सिलीकडे बघत राहिला, मग गेला.

दुपारी तर कमाल. कस्तुराबाई — माझी भावजय — स्वतः डबा घेऊन वर आली. मासवड्या! मासवड्या म्हणजे अर्धा दिवस जातो. गेल्या दहा वर्षांत तिने माझ्यासाठी पिठलं टाकलं तेही उपकार केल्यासारखं. शेजारी बसली, मी जेवताना खाली बघत होती. उठताना म्हणाली, ‘नीट मोजा, वन्सं. घाई करू नका. हुकतं मग.’

घरादाराला चित्रकलेचं वेड लागलं, असं मी समजू शकत नाही. यांना माझ्याकडे काहीतरी मागायचं आहे. पुरवणीत एखादी बातमी आणायची असली की लोक असेच आंब्याच्या पेट्या घेऊन येत. थेट मागत नाहीत, आधी खाऊ घालतात. मी मासवड्या खाल्ल्या.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

कळलं. आणि कसं कळलं!

जालिंदर आला — भावकीतला, बांधापलीकडचं रान त्याचं. पोपटचं आणि त्याचं बोलणं बंद, बांधावरून. गाडी लावून माझ्या मागे उभा राहिला.

‘काय आक्का, किती भरलं?’

‘काय किती?’

‘तुमच्या वाटचं. दोन-चार दिस झालं मोजताय. लय ब्येस केलंत! पोपटरावाची झोप उडाली बघा. नदीकडचं घ्या. रस्त्याकडचं देत्याल, ते घेऊ नका, निस्ता मुरूम हाय.’

‘अहो, मी चित्र काढतेय.’

त्याने वाकून कागद बघितला. बराच वेळ. ‘व्हय व्हय. नकाशा पायजेच. पर हितं बांध आमच्यात घुसलाय.’

‘तो मी रचनेसाठी सरकवला.’

‘पोपटरावबी असंच कायतरी म्हंतो,’ म्हणाला आणि गेला.

मी हसत सुटले. मग हसू थांबलं. ही माणसं मूर्ख आहेत, पण त्यांच्या हिशेबाने बरोबर आहेत. रान आप्पांनी, आमच्या वडिलांनी घेतलेलं. आप्पा गेले तेव्हा वारस म्हणून पोपटच्या जोडीला माझंही नाव लागलं. गावातल्या बाकीच्या बहिणी हक्कसोड करून देतात — भावासाठी सही करायची, मग जन्मभर भाऊबीजेला साडी घ्यायला यायचं. जी हिस्सा मागते तिचं माहेर तुटतं. हे कुणी कुणाला सांगत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. माझी सही राहून गेली. पोपट म्हणायचा, बघू निवांत. मी म्हणायचे, बघू. लक्षातही नव्हतं. आणि आता तीच बहीण रोज सकाळी माळावर बसून एक डोळा मिटून रान मोजते! इथे हिरवळ बघायला कोण येतं? हिरवळ सगळ्यांच्या घरामागे आहे.

चहा, छत्री, मासवड्या — सगळ्याचा उलगडा झाला. तिरस्काराचीही एक मजा असते. पोटभर घेतली.

संध्याकाळी जेवताना सांगून टाकलं. ‘पोपट, मला जमीन नको. ढेकूळसुद्धा नको. मी चित्र काढतेय.’

‘आगं ताई, तसं कोन म्हनलं! येडी का खुळी तू!’ त्याच्या खांद्यांवरून पोतं उतरल्यासारखं झालं. पाणी प्यायला. आणि ग्लास खाली ठेवायच्या आत — ‘मग ती सहीबी उरकून टाकू की. पुढल्या मंगळवारी शिरूरला जाऊ.’

मग बाहेर आलं सगळं. सत्यजीतला नदीकाठी लॉन्स काढायचं आहे. लग्नाचं लॉन्स. बँक कर्ज देईल, पण सगळं रान एका नावावर पाहिजे. माझं नाव आडवं आलंय. चार महिने झाले घोळतंय आणि एकाचीही मला फोन करायची हिंमत झाली नाही.

‘करते सही,’ मी म्हणाले. एवढ्यासाठी चार महिने!

कस्तुराबाईने माझ्या ताटात भाकरी टाकली. वाढली नाही, टाकली.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आज थर्मास आला नाही. डबाही नाही. खुर्ची कुणीतरी परत नेली. इतक्या लवकर! दोन दिवस तरी रीत पाळायची.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सत्यजीतने मोबाइलवर लॉन्स दाखवलं. कुठल्यातरी पोराकडून करून घेतलेलं फिरतं चित्र. कमान, कमानीवर फायबरचे दोन हत्ती, सोंडेतून पाणी. नवरदेवाला यायला कृत्रिम धबधबा. जिथे ऊस आहे तिथे गाड्या लावायच्या. कडुलिंब राहणार, त्याला दिव्यांच्या माळा गुंडाळणार. ‘नेचर ठेवलंय आत्या. लोकांना नेचर पायजे.’ वाफ्यांच्या जागी ‘सेल्फी पॉइंट’ — मोठ्ठं लाल हृदय.

‘नदीचा वास येतो उन्हाळ्यात,’ मी म्हणाले.

‘सेंटचं मशिन असतंय.’

मला वादच घालायचा नव्हता. एवढ्या आत्मविश्वासाने वाईट गोष्ट करणाऱ्या माणसाशी काय बोलणार.

मग म्हणाला, ‘आत्या, एक सरप्राइज.’ माझं अर्धवट चित्र वाळत घातलं होतं, त्याचा फोटो काढून फ्लेक्स केलाय! मागे माझं आकाश, माझा ऊस. पुढे सत्यजीत हात जोडून, त्याच्याहून मोठा पोपट हात जोडून. वर — ‘निसर्गाच्या कुशीत, शाही सोहळा’. खाली कोपऱ्यात, मला खूश करायला — ‘चित्र : सौ. अनुपमाआत्या (पुणे)’. सौ.! नवऱ्यापासून वेगळी होऊन पंचवीस वर्षं झाली. गावाने ती बातमी अजून छापलेली नाही.

चित्र मात्र पुढे सरकत नाही. उसाचा हिरवा जमत नाही. सगळा मिळून पडद्याच्या कापडासारखा सपाट दिसतो. लॉन्सला शोभेल असा.

कस्तुराबाई तीन दिवस बोललेली नाही. काम झालं, आता गोड बोलायची गरज नाही. सरळ हिशेब आहे. मला अशी सरळ माणसं परवडतात.

१ नोव्हेंबर, शनिवार

सगळं लिहून ठेवते.

सकाळी माळावर होते. कस्तुराबाई खालून, वाफ्यांकडून वर आली. हातात विळा, पदर खोचलेला. डबा नाही. माझ्यासमोर उभी राहिली — बरोबर नदी झाकून.

‘वन्सं, ह्या कागदात माझा वाफा कुठंय?’

‘नाही काढला.’

‘का?’

‘मध्ये येत होता.’

‘व्हय, समद्यांच्याच मदी येतोय त्यो.’ खाली बसली. ‘सही करनार तुमी?’

‘करणार. सांगितलं ना. मला काय करायची जमीन?’

‘तुमाला न्हाई करायची. मला करायचीय.’

मी ब्रश पाण्यात ठेवला.

‘लगीन होऊन आले तवा हितं काटं व्हतं. सासऱ्यानी म्हनलं, काड तेवडं तुजं. काडलं. मेथी, कोथमीर, गवार, जे हाताला लागंल ते. शिरूरच्या बाजारात मी जाती, पैका मी मोजती, कुनाम्होरं हात पसरत न्हाई. आन् आता तिथं लाल बदाम लावायचाय! पाव्हनं येनार आन् बदामात उभं ऱ्हानार.’

‘मग पोपटला सांगा.’

‘सांगून सांगून तोंड वाळलं. तुमचं भाऊ म्हंत्यात, तुला गेटवर खुर्ची देतो, येनाऱ्यावर गुलाबपानी उडव. नवी साडी देतो म्हंत्यात गुलाबपान्यासाठी!’

मला हसू आलं. तीही हसली, पण लगेच तोंड पुसलं.

‘तुमचं नाव हाय म्हनून आडलंय, वन्सं. माजं नाव हाय कुठं? रेशनकार्डावर. तिथं बी चुकीचं हाय.’

‘मला वाटलं तुम्हीच घाबरलात. मी हिस्सा मागेन म्हणून. मासवड्या—’

‘मागावा म्हनून देव पान्यात घालून बसले व्हते मी!’ ती जवळजवळ ओरडली. ‘म्हनलं, आली बया, मोजाय बसली, आता मागती, आता भांडान लागतंय, पाच-धा वरीस कोरटात जातंय, तवर मी हाय आन् माजी मेथी हाय. मासवड्या केल्या. आन् तुमी जेवताना काय म्हनलात? ढेकूळसुदीक नको! लय मोठं मन! कुनाच्या जिवावर?’

असं मला कुणी बोललेलं नाही. वाचकांची पत्रं यायची, तीही सौम्य असत.

‘हिस्सा मागितला तर माझं माहेर तुटेल,’ मी म्हणाले. स्वतःच ऐकलं आणि लाज वाटली. पैठणीवाली बाई बोलत होती.

‘तुटू द्या. काय हाय त्यात? वरसाचं चार दिस. तुमाला भाकरी कोन वाडतं? मीच ना? मी हाय तवर तुटतंय कसं?’

उठली. जाताना कागदाकडे बोट केलं. ‘आन् ह्यो ऊस न्हाई. ह्ये गवात दिसतंय.’

२ नोव्हेंबर, रविवार

वाफे काढले. बुजगावण्यासकट. निळा पाइप जसाच्या तसा. बांध जिथे आहे तिथे परत नेला, मग चित्राचे दोन तुकडे पडले तर पडले. सकाळचं ऊन वाफ्यांवर आधी येतं, उसावर मागून, हे इतके दिवस बसून दिसलं नव्हतं. मी बघत नव्हते, रचना करत होते.

तिच्यासाठी माझ्या मनात कणव वगैरे दाटून आली, असं काही नाही. बाई चलाख आहे. माझं भांडण तिच्या मेथीसाठी वापरायला निघाली होती. पोपट चार महिने हिंमत करू शकला नाही ते तिने विळा हातात घेऊन दहा मिनिटांत केलं. घरात एवढं एकच माणूस कामाचं आहे, आणि त्याचं नाव कुठेच नाही.

सही करायची की नाही, अजून ठरलेलं नाही. मंगळवार परवाच आहे. मी मुदत चुकवत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पोपट सकाळी आठलाच कडक इस्त्रीचे कपडे घालून अंगणात. सत्यजीत गाडी पुसत होता. दोन साक्षीदार मागच्या सीटवर बसवूनही घेतलेले. निबंधकाच्या ऑफिसात नंबर लावलेला. मी बॅग भरून बाहेर आले.

‘बॅग कशाला? संध्याकाळी परत येऊ की.’

‘पोपट, मी सही करणार नाही.’

‘ताई, चेष्टा नको. नंबर लागलाय.’

‘चेष्टा नाही. माझं नाव राहू दे.’

सत्यजीतच्या हातातलं फडकं थांबलं. साक्षीदारांनी काच खाली केली — नीट ऐकू यावं म्हणून.

पोपट आधी हसला. मग, ‘कुनी कान भरलं? जालिंदऱ्यानं?’ मग, ‘त्या दिवशी नको म्हनलीस! ढेकूळ नको म्हनलीस!’ मग आवाज खाली आला, तो मला नको होता. ‘ताई, आप्पा गेल्यावर तुला कवा येगळं मानलं का? एक तरी भाऊबीज चुकली का?’

नाही चुकली. खरं आहे.

तेवढ्यात दारातून कस्तुराबाई बाहेर आली. आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात — ‘वा वन्सं! भावाच्या तोंडाला पानं पुसली! खाल्ल्या मिठाला तरी जागायचं! माज्या पोराच्या मुळावर उठली ही बाई!’ छाती पिटायची बाकी ठेवली. मी आयुष्यभर नाट्यपरीक्षणं लिहिली. असं काम रंगमंचावर क्वचित बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, खरं!

पोपट तिला म्हणाला, ‘तू गप ग.’ मग माझ्याकडे न बघता, ‘पुढच्या दिवाळीला येऊ नको. मला ओवाळून घ्यायचं न्हाई तुज्याकडनं.’

एवढंच. आरडाओरडा केला असता तर लिहायला सोपं गेलं असतं.

गाडीने सोडायचा प्रश्नच नव्हता. चित्राची गुंडाळी काखेत धरून रस्त्यावर आले, तर जालिंदर गाडी चालू करूनच उभा! ‘बसा आक्का. दौंडला सोडतो. पोपटरावाच्या दारावरनं नेतो की सरळ?’ सरळ ने म्हणाले. तरी दारावरूनच नेली.

रस्ताभर मला माझा हिस्सा कसा पदरात पाडून घ्यायचा ते सांगत होता. दौंडला पुण्याची गाडी उशिरा होती. फलाटावर वडापाव खाल्ला. वाईट होता.

५ नोव्हेंबर, बुधवार

पुणे. घर बंद होतं तसंच आहे. ऊस पुन्हा रंगवला. अजून गवतच दिसतं.

९ नोव्हेंबर, रविवार

प्रदर्शन. माजी नगरसेवक आले, फीत कापली, एकाही चित्राकडे न बघता ‘कला जगवली पाहिजे’ म्हणाले आणि दुसऱ्या फितीकडे गेले. पंचवीसेक चित्रं. त्यांत डोंगरामागे मावळणारे सूर्य इतके की हॉलात उकडायला हवं होतं. तीन बैलगाड्या. यांच्यापैकी शेवटची बैलगाडी कुणी कधी बघितली, विचारावंसं वाटलं. एका बाईंनी महाबळेश्वर काढलं होतं, ते हॉटेलच्या खिडकीतून. खिडकीचा पडदा सगळ्यांत बरा जमला होता.

माझ्या चित्रासमोर लोक थांबत होते आणि काय म्हणावं ते न सुचून पुढे जात होते. ‘किती शांत!’ एक म्हणाल्या. शांत! वाफ्यातल्या बुजगावण्याकडे बोट करून कुणीतरी विचारलं, ‘ही बाई काम करतेय का?’ हो म्हणून सांगितलं.

सर आले. डोकं एका बाजूला कलतं करून उभे राहिले. ‘छान आहे. पण बांधाने दोन भाग झालेत. तो जरा डावीकडे घ्या. आणि हा निळा पाइप कशाला? तिथे एखादी झोपडी टाका. धूर निघणारी.’

‘तिथे झोपडी नाही.’

‘अहो, कलावंताचं स्वातंत्र्य असतं!’

‘तिथे झोपडी नाही. आणि बांध तिथेच आहे.’

‘तुम्ही पत्रकार मंडळी फार...’ म्हणाले आणि महाबळेश्वराकडे गेले. आवाज चढला होता का माझा? शेजारची मंडळी वळून बघत होती. एका झोपडीवरून!

एका डॉक्टरांना चित्र त्यांच्या दवाखान्यासाठी हवं होतं. देत नाही म्हणाले. कारण विचारलं त्यांनी. ओलं आहे, म्हणाले. जलरंग आहे, बुधवारपासून वाळलेला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पोपटला फोन केला. उचलला नाही. पैठणी कपाटात वर ठेवली होती, ती काढून बघितली, परत ठेवली.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी कस्तुराबाईचा फोन. कुणी ऐकत नव्हतं बहुतेक, मोकळी बोलत होती.

‘वन्सं, सत्यजीतचं जमलं! पोरगी दौंडची, मोनाली नाव. गोरीपान. पोरीच्या बापाला लॉन्स बघायचंय, त्यावरच आडलंय. तुमी आता सही करून टाका. मी सांगती ह्यास्नी, त्ये स्वतः न्यायला येत्याल तुमाला.’

‘आणि वाफा?’

‘वाफ्याचं काय हो! मेथी कुटंबी येती.’

मी नाही म्हणाले.

मग, ‘मीच म्हंते ना आता, करा म्हनून? मग कुनासाठी आडवून बसलाय तुमी?’

‘माझ्यासाठी,’ मी म्हणाले. म्हणून झाल्यावर कळलं, खरंच आहे.